पावाच्या रिंगा आणि आबांचे हात



या सदराकडे येणारी पत्रे बहुधा गोळ्या, पथ्ये आणि तपासण्या यांविषयी असतात. कडेगावहून आलेले एक पत्र मात्र स्टीलच्या एका नळीविषयी आहे.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींचे वडील ७४ वर्षांचे असून त्यांचे सारे आयुष्य लेथवर गेले आहे. त्यांच्या आईंना दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. तेव्हापासून त्यांचे खाणे मऊ आणि थोडके झाले आहे. बेकरीचा पाव आणला की त्यातला निम्माअधिक वाया जातो. म्हणून आबांनी ठरवले की एका माणसापुरते लहान पाव घरीच भाजायचे आणि त्यांचे साचेही घरीच करायचे. त्यांनी स्टीलची पातळ नळी मिळवली आहे. तिच्या बोटभर रुंदीच्या चकत्या कापून बिनबुडाच्या रिंगा करण्याचा त्यांचा बेत आहे. आबांना मधुमेह आहे, रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे आणि हाताला किंचित कंप आहे. ‘त्यांना हे करू द्यावे, की करवत लपवून ठेवावी?’ असे भगिनींनी विचारले आहे.

प्रश्न साधा दिसला तरी त्यात दोन वृद्धांचे आरोग्य गुंतलेले आहे. करवत लपवली तर एका कसबी माणसाच्या हातून उरलेले कामही जाते आणि करवत निर्धास्तपणे हाती दिली तर जखमेचा धोका असतो. शिवाय रिंगेची कड नीट घासली गेली नाही, तर धातूचा एखादा कण आईंच्या घासात जाऊ शकतो. म्हणून नळीची निवड, ती कापणे, कड घासणे आणि शेवटी पाव भरवणे, या साऱ्या कामाचा क्रमाने विचार करू.

रिंगच कशासाठी?

आपल्याकडे घरात भट्टी असण्याची रीत नव्हती. दिवाळीच्या आधी किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत पीठ, तूप आणि साखर घेऊन बेकरीत जायचे आणि नानकटाईचे डबे भरून आणायचे, ही आपली पद्धत. त्यामुळे भाजणीचे लहान साचे घरोघरी सापडत नाहीत. इंग्लंडमध्ये तव्यावर अशा रिंगा मांडून त्यांत पातळ पीठ ओतून क्रम्पेट नावाचे जाळीदार पाव करण्याची जुनी रीत आहे. साच्याला बूड नसल्याने पाव उलटा करून आपटावा लागत नाही. खालून बोटाने ढकलला की तो सुटतो. ज्यांच्या मनगटात जोर नाही, त्यांना ही सोय मोलाची वाटते.

रिंगेचा दुसरा गुण मापाचा. साडेसात सेंटिमीटर व्यासाच्या आणि अडीच सेंटिमीटर उंचीच्या रिंगेत सुमारे ११० मिलिलिटर जागा असते. तिच्यात ५० ग्रॅम मळलेले पीठ ठेवले, तर ते फुगून रिंग भरते. एवढ्या पावात साधारण ३० ग्रॅम पीठ जाते. घरच्या मध्यम आकाराच्या पोळीलाही जवळपास इतकेच पीठ लागते. मधुमेह असलेल्या माणसाला ‘एक पाव म्हणजे एक पोळी’ हा हिशेब सोपा पडतो. किती खाल्ले, हे अंदाजावर राहत नाही.

नळी कोणत्या धातूची?

कडेगाव, खानापूर, आटपाडी आणि तासगाव या टापूंतील अनेक कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायानिमित्त देशभर पसरली आहेत. चकाकीवर न जाता धातूचा कस पाहणे हे त्या गलाई व्यवसायाचे मूळ आहे. पावाच्या नळीलाही तोच न्याय लावावा.

अन्नासाठी ३०४ प्रतीचे स्टेनलेस स्टील योग्य. त्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. ते सहसा गंजत नाही आणि ताक, लिंबू किंवा टोमॅटो यांच्या आंबटपणाला टिकते. नळीला चुंबक चिकटत नाही म्हणून ती ३०४ची, असे पुष्कळजण समजतात. हा कस पुरेसा नाही, कारण निकेल कमी असलेल्या २०२ प्रतीच्या स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही. म्हणून नळी बिलावर प्रत लिहून देणाऱ्या दुकानातून घ्यावी. भंगारातल्या नळीतून पूर्वी काय वाहिले होते, हे कोणी सांगू शकत नाही. ती कितीही चमकली तरी अन्नासाठी घेऊ नये.

पुढील नळ्या टाळाव्यात. जस्ताचा मुलामा दिलेली पाण्याची नळी नको, कारण आंबट पदार्थात जस्त विरघळते आणि त्याने मळमळ व उलट्या होऊ शकतात. पडद्याचा चकचकीत दांडा अनेकदा मुलामा दिलेल्या लोखंडाचा असतो. कापलेल्या कडेवर मुलाम्याचे पापुद्रे सुटतात. शीतयंत्रातली तांब्याची नळी सहज कापली जाते, परंतु कल्हईशिवाय तांबे आणि आंबट पीठ यांची गाठ पडू देऊ नये. कल्हई केली तरी तिच्यातले कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे रिकामी रिंग तापत ठेवण्याची सोय राहत नाही. ॲल्युमिनियम मऊ असल्याने हातकरवतीला सोपे जाते. तथापि आंबट पदार्थात तेही थोडे उतरते. मूत्रपिंडे क्षीण झालेल्या रुग्णांच्या शरीरातून ॲल्युमिनियम पुरेसे बाहेर पडत नाही, म्हणून त्यांच्या घरात त्याच्या रिंगा नसाव्यात. डाग देऊन जोडलेली नळी तर कधीच वापरू नये, कारण डागाच्या मिश्रणात शिसे असू शकते. दुधाच्या किंवा फळांच्या डब्याची वरची-खालची चकती कापून केलेली रिंगही नको. अशा डब्यांना आतून लेप असतो आणि तो भट्टीच्या आचेसाठी केलेला नसतो.

नळीची जाडी १ ते १.२ मिलिमीटर असावी. त्याहून पातळ नळी पकडीत चेपते. नळी आतून बोट न घालता, उजेडात धरून पाहावी. पत्रा वळवून वेल्ड केलेल्या नळीच्या आत जोडाचा एक उंचवटा लांबवर गेलेला असतो. त्याच्या कडेला पीठ अडकून राहते आणि तिथेच कुजते. शक्य तर बिनजोडाची नळी घ्यावी. नाही तर तो उंचवटा कानशीने उतरवावा लागेल.

कापण्याचे काम कोणाचे?

इथे आमचे मत स्पष्ट आहे. नळी कापण्याचे काम लेथवर करून घ्यावे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हापासून या परिसराला यंत्रकामाची ओळख आहे. त्यामुळे लेथचे वर्कशॉप शोधायला फार दूर जावे लागू नये. लेथवर दहा-बारा चकत्या पाडणे हे फार मोठे काम नव्हे. नळीत लाकडाचा घट्ट गोल ठोकळा बसवला म्हणजे ती चेपत नाही. तिथल्या टर्नरला रिंगा अन्नासाठी आहेत हे आवर्जून सांगावे आणि दोन्ही तोंडे सपाट करून मागावीत. प्रत्येक रिंग अडीच सेंटिमीटरची, आणि कापण्यात व घासण्यात जाणारा मिलिमीटर-दीड मिलिमीटर, असे धरले तर ३० सेंटिमीटर नळीत अकरा रिंगा बसतात. पकडीसाठी शेवटचा तुकडा सोडावा लागतो, म्हणून दहा निघतील असे समजावे.

हे काम हातानेच करायचे झाल्यास ते घरातल्या धडधाकट माणसाने करावे आणि आबांनी शेजारी बसून मार्गदर्शन करावे. सरळ कडेचा कागद नळीभोवती गुंडाळून दोन्ही टोके तंतोतंत जुळवावीत आणि कडेने रेघ ओढावी. ही रेघ आपोआप काटकोनात येते. आत लाकडी ठोकळा घालून नळी व्हाइसमध्ये दोन लाकडी पट्ट्यांच्या मध्ये धरावी. हॅक्सॉचे पाते इंचाला ३२ दात्यांचे घ्यावे. दाते मोठे असले की पातळ पत्र्यात अडकतात आणि करवत उसळते. नळी एकाच बाजूने आरपार कापू नये. रेघेवर थोडे कापावे, नळी थोडी फिरवावी, पुन्हा कापावे. स्टेनलेस स्टीलवर पाते नुसते घासत राहिले तर धातू अधिकच कठीण होतो. म्हणून हात सावकाश, पण दाब पक्का असावा. वंगणासाठी यंत्राच्या तेलाऐवजी शेंगदाण्याच्या तेलाचे दोन थेंब पुरतात.

चाकाचा पाइप कटर सोयीचा दिसतो, परंतु तो धातू आत ढकलतो. त्यामुळे आतल्या बाजूला धारदार ओठ तयार होतो. पावाची बाजू नेमकी तिथेच टेकते. कटर वापरलाच तर आतली कड दुप्पट काळजीने घासावी.

ग्राइंडर मात्र वृद्धांच्या हाती देऊ नये. त्याची चकती मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेते. हात कापला, चकती तिरकी झाली आणि फुटली, तर सावरायला वेळच मिळत नाही. उष्ण ठिणग्या डोळ्यांत आणि धोतरा-पातळावर उडतात, त्या वेगळ्याच.

कड घासणे: हे आबांचे काम

कापलेल्या कडेवर धातूची बारीक, केसासारखी धार उरते. कारखान्यात तिला ‘बर’ म्हणतात. ही बर काढण्यासाठी जोरापेक्षा सबुरी आणि सराव जास्त लागतो. चाळीस वर्षे लेथवर उभे राहिलेल्या माणसाइतका तो कोणाकडे असणार? रिंग व्हाइसमध्ये लाकडी पट्ट्यांत धरलेली असली, तर हाताचा थोडा कंप या कामात आड येत नाही.

बाहेरच्या कडेसाठी सपाट आणि आतल्या कडेसाठी अर्धगोल बारीक कानस घ्यावी. कानशीला लाकडी मूठ हवीच. बिनमुठीच्या कानशीचे शेपूट तळहातात घुसल्याच्या जखमा वर्कशॉपच्या जगात जुन्याच आहेत. बोटांचे सांधे धरत असतील, तर मुठीवर सुती कापडाची पट्टी गुंडाळून ती जाड करावी. जाड मूठ धरायला जोर कमी लागतो. कानशीनंतर २२० क्रमांकाचा आणि मग ४०० क्रमांकाचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून फिरवावा. ओल्या कागदाने कीस हवेत उडत नाही. काम बसून, भरपूर उजेडात, एका वेळी पंधरा-वीस मिनिटे करावे. दिवसाला दोन रिंगा झाल्या तरी आठवडाभरात दहा पुऱ्या होतात.

कड गुळगुळीत झाली का, हे बोट फिरवून पाहू नये. दीर्घकाळच्या मधुमेहात बोटांची संवेदना मंदावलेली असू शकते. अशा बोटाला धार कळत नाही आणि जखमही उशिरा कळते. त्याऐवजी कापसाचा बोळा कडेवरून आतून आणि बाहेरून पूर्ण फिरवावा. एखादा जरी तंतू अडकला, तरी तिथे बर शिल्लक आहे. तंतू अडकेनासा होईपर्यंत घासत राहावे. हा कस रिंगेचा अखेरचा परवाना समजावा.

त्यानंतर रिंगा गरम पाण्यात साबण व जुन्या टूथब्रशने घासाव्यात, दहा मिनिटे उकळाव्यात आणि पांढऱ्या कापडाने पुसाव्यात. कापडावर काळी रेघ उमटली, तर पुन्हा धुवाव्यात. तारेचा चोथा वापरू नये. त्याचे तुकडे मोडून कडेला चिकटतात आणि इतक्या कष्टाने घालवलेला धोका परत येतो. काम झाले की जागा झाडूने न झाडता ओल्या कापडाने पुसावी, कारण झाडताना कीस उडतो. ते कापड टाकून द्यावे आणि वृद्धांनी तिथे अनवाणी फिरू नये. मधुमेहींच्या तळपायात रुतलेला कीस कित्येक दिवस लक्षात येत नाही.

हात, डोळा आणि काही खबरदारी

कापताना व घासताना डोळ्यांवर बाजूनेही झाकणारा चष्मा असावा. नेहमीचा वाचनाचा चष्मा पुरेसा नाही. डोळ्यात कण गेला तर चोळू नये, स्वच्छ पाण्याने धुवावा. खुपणे थांबले नाही, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. लोखंडाचा कण बुबुळावर राहिला तर गंजाचे वलय धरतो.

याच संदर्भात एक गोष्ट प्रत्येक निवृत्त टर्नर, फिटर आणि वेल्डर यांच्या घरच्यांनी लिहून ठेवावी. एमआरआय तपासणीपूर्वी ‘कधी धातुकाम केले आहे का, डोळ्यात कधी कण गेला होता का’ असे विचारले जाते. हा प्रश्न उपचार म्हणून टाळू नये. त्या यंत्राच्या प्रबळ चुंबकाने डोळ्यात राहिलेला लोखंडी कण हलू शकतो आणि दृष्टीला इजा होऊ शकते. झटक्यानंतर रुग्णाला बोलता येत नसेल, तर ही माहिती सांगण्याची जबाबदारी नातेवाइकांची.

हात कापला तर स्वच्छ कापडाने सलग दहा मिनिटे घट्ट दाबून धरावे. मध्ये उचलून पाहू नये. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असताना रक्त थांबायला वेळ लागतो. दहा मिनिटांनीही थांबले नाही, तर रुग्णालय गाठावे आणि गोळीचे नाव सांगावे. काम करायचे म्हणून ती गोळी परस्पर बंद करू नये. एका लहान जखमेपेक्षा गोळी सुटल्याने येणारा झटका फार मोठा असतो. धनुर्वाताची लस प्रौढांनीही दर दहा वर्षांनी घ्यायची असते. पुष्कळ वृद्धांना शेवटची केव्हा घेतली हे आठवत नाही. कानस हाती घेण्यापूर्वी तेवढे विचारून घ्यावे.

पाव भाजताना आणि भरवताना

चार रिंगांसाठी ६० ग्रॅम मैदा, ६० ग्रॅम कणीक, ७५ मिलिलिटर कोमट दूध, अर्धा लहान चमचा कोरडे यीस्ट, एक लहान चमचा तेल आणि चिमूटभर मीठ पुरते. पीठ दहा मिनिटे मळून तासभर झाकून ठेवावे. मग चार गोळे करून तेल लावलेल्या रिंगांत ठेवावेत. रिंगांखाली ताटलीत लोणीकागद असावा. अर्ध्या-पाऊण तासात गोळे फुगतात. १८० अंशांवर पंधरा ते अठरा मिनिटांत ते भाजून होतात. भट्टी नसल्यास जाड बुडाच्या कढईत तळाशी मीठ पसरून, वर जाळी ठेवून आणि घट्ट झाकण लावून मध्यम आचेवर सुमारे पंचवीस मिनिटे लागतात. रिंगा चिमट्यानेच उचलाव्यात. पातळ धातू लवकर निवतो, पण भट्टीतून काढताना तो चटका देण्याइतका नक्कीच तापलेला असतो.

उसाच्या मुलखात गूळ हाताशी असतो आणि पिठात थोडा घालावासा वाटतो. चवीला तो छानच लागतो. मात्र गूळ घातला म्हणून मधुमेही माणसाला मोकळीक मिळत नाही. रक्तातली साखर गुळानेही वाढते.

अर्धांगाच्या झटक्यानंतर गिळण्याची क्रिया मंदावते, हे सर्वांत महत्त्वाचे. पाव वरून मऊ दिसला तरी तोंडात कोरडा आणि चिकट होतो. अशा रुग्णांच्या घशात अडकणाऱ्या पदार्थांत तो मोडतो. म्हणून आईंना पाव देण्यापूर्वी डॉक्टरांना किंवा गिळण्याचे उपचार करणाऱ्या तज्ज्ञांना एकदा विचारून घ्यावे. त्यांनी होकार दिला, तर कड कापून टाकावी आणि मधला भाग दुधात पूर्ण भिजवून द्यावा. रुग्णाला पाठ सरळ ठेवून बसवावे, घास लहान द्यावा आणि एक गिळल्याची खात्री झाल्याशिवाय दुसरा देऊ नये. दुर्बल बाजूच्या गालात अन्न साचते, तिथे शेवटी पाहावे. जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नये. खाताना ठसका लागणे किंवा खाल्ल्यावर आवाज घोगरा, ओलसर होणे ही अन्न श्वासनलिकेकडे जात असल्याची खूण असू शकते. असे झाले तर पाव तेवढ्यावरच थांबवावा आणि डॉक्टरांना कळवावे.

भगिनींना उत्तर

करवत लपवू नका. नळी ३०४ची आणि बिलासह आणा, ती लेथवर कापून घ्या आणि आबांना बरोबर घेऊन जा. नळी कशी धरावी आणि तोंड कसे सपाट करावे, हे टर्नरला त्यांच्याइतके बारकाईने कोण सांगणार? घरी आल्यावर मुठीची कानस, पॉलिश पेपर, चष्मा आणि कापसाचा बोळा त्यांच्यापुढे ठेवा. कापसाचा कस ते पाहतील. आईंना गिळता येते का, हे डॉक्टर पाहतील. तुम्ही या दोन्ही गोष्टी झाल्याची खात्री करा आणि मगच पहिला पाव भाजा.

तुमच्या गावात मोहरमला बांबूच्या कामट्यांचे गगनचुंबी ताबूत उभे राहतात आणि त्यांत हिंदू-मुसलमान दोघांचेही हात असतात. नेमके माप आणि सरावलेले हात यांची किंमत त्या गावाला नव्याने सांगायला नको. आबांचे हात अजून घरासाठी काही करू इच्छितात, ही तुमच्या घरातली मोठी जमेची बाजू आहे. तिला फक्त योग्य जागी बसवायचे आहे.